शेवटचं मडकं रिकामं होईपर्यंत

मित्रांनो, माझ्या उत्तरेच्या बाजूला जरा बघा. तिथे एक जाडजूड फांदी होती. आता नुसता व्रण उरलाय, माणसाच्या डोक्याएवढा. मी जुनी झाले, आता राग धरून काय करायचं, असं मी स्वतःला सांगते. पण खरं सांगू? राग अजून गेलेला नाही.

आमच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराला फुलोरा येतो, सावली असते, रुबाब तर विचारूच नका. फक्त फळ येत नाही. मी मादी आहे, म्हणून 'मी उभी आहे' असंच म्हणणार. इथले लोक मला ओमुगोंगो म्हणतात, बाहेरचे मरुला म्हणतात. मला कुणी लावलं नाही. म्हणतात, एका हत्तीनं कुठेतरी लांब फळ खाल्लं आणि इथे येऊन कोय टाकली. हत्ती या भागातून कधीच गेले. पुढे माणसं आली, त्यांनी बाजरीसाठी रान साफ केलं, मोपानेची झाडं तोडून घराभोवती कुंपण उभं केलं. माझ्यापाशी आल्यावर मात्र कुऱ्हाड थांबली. फळ देणाऱ्या झाडाला इथे कुणी हात लावत नाही.

माझं फळ झाडावर पिकत नाही. ते हिरवंच खाली पडतं आणि जमिनीवर पडल्या पडल्या, सावकाश पिवळं होतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच अडणार आहे. फळं पिवळी झाली की बायका माझ्याखाली गोल करून बसतात. हातात गाईचं टोकदार शिंग असतं. शिंगानं साल फोडायची, फळ पिळायचं, रस मडक्यात आणि कोय टोपलीत. सालं पाण्यात कुस्करून पोरांना गोड पाणी मिळतं. मडक्यातला रस दोन-तीन दिवसांत आंबतो, त्याला ओमाओंगो म्हणतात. तो मोठ्यांसाठी. कोयी वाळवून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत दगडावर फोडून आतला मगज सुईनं काढतात. त्याचं तेल रानभाजीवर किंवा कोंबडीच्या रश्श्यावर सोडलं की बाजरीचा घाटा कसा घशाखाली उतरतो, ते इथल्या पोरांना विचारा. हे सगळं काम बायकांचं. पुरुषांचं काम एकच, पेला पुढे करायचा.

ओमाओंगोच्या दिवसांचा एक कडक नियम आहे. राजाकडून निरोप आला की कुणी सुरा किंवा भाला घेऊन हिंडायचं नाही. कुणावर हात उगारायचा नाही. आणि शेवटचं मडकं रिकामं होईपर्यंत कुठलाही खटला चालवायचा नाही. पिऊन भांडणं होतात, म्हणून जुन्या लोकांनी हे ठरवून ठेवलंय. माझी ती फांदी गेली त्या वर्षी एका बाईचं सगळं घर या नियमावर टांगलेलं होतं.

तिचं नाव सायमा. मी तिच्याच शेतात उभी आहे. तिचा नवरा एलिफास पेरणी झाल्यावर आठ दिवसांच्या तापानं गेला. आमच्याकडे पुरुष गेला की त्याचं सगळं त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जायचं. बायको परक्या कुळाची, तिनं आपलं बोचकं उचलायचं. एलिफासचा भाचा हामुन्येला शहरात दुकान चालवायचा. तो आला तो बायकोला आणि पलंगाला गाडीत घालूनच आला. पाहुण्यांच्या झोपडीत त्यानं पलंग लावला आणि माझ्या सावलीत उभा राहिला.

"मामी, रडून झालं असेल तर आवराआवर करा. गुरं मी उद्या नेतोय. घर आणि शेताचं गावप्रमुखांसमोर बघू."

"दोन पोरी आहेत रे पदरात. कुठे जाऊ मी?"

"माहेर आहे ना तुम्हाला?"

शेजारची म्हातारी आउने तिथेच शेंगा सोलत बसली होती. सगळं गाव तिला कुकू म्हणायचं, म्हणजे आजी. ती मान वर न करता म्हणाली, "आहे की माहेर. तिथे आता वारुळं उभी आहेत. मुंग्यांनी वर भाडं नाही मागितलं म्हणजे मिळवलं."

"कुकू, तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"मला विचारायला कोण थांबतंय? मी आपली सांगते."

मित्रांनो, मी गप्प होते, कारण मला जीभ नाही. पण मला ठाऊक होतं. सतरा वर्षांपूर्वी सायमा नवी नवरी होती. हे शेत मिळावं म्हणून तेव्हाच्या गावप्रमुखाला एक गाय द्यावी लागली होती. एलिफासकडे तेव्हा शेळीसुद्धा नव्हती. ती तांबडी, वाकड्या शिंगांची गाय सायमाच्या आईची होती. तिचा मामा नेकोंगो ती हाकत घेऊन आला होता आणि माझ्याच बुंध्याला बांधली होती. शेत सायमाच्या घरच्या गाईवर मिळालं होतं, एलिफासच्या नाही. तो जुना गावप्रमुख वारला. एलिफासही गेला. आता हे तिघांनाच माहीत होतं: सायमाला, नेकोंगो मामाला आणि मला. आणि आमच्या गावात विधवेनं स्वतःच्या खटल्यात तोंड उघडायचं नाही, तिच्या आईकडच्या पुरुषानं बोलायचं. नेकोंगो मामा तर दूर समुद्रकाठी, मासळीच्या कारखान्यात कामाला.

गावप्रमुख इयाम्बो आला, ज्याला सगळे ताते म्हणजे बाबा म्हणायचे. त्यानं तंबाखूची चिमूट नाकात भरली आणि म्हणाला, "काल ओमाओंगोचा निरोप आलाय. आता खटला नाही. शेवटचं मडकं रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी याच झाडाखाली बसू."

"म्हणजे किती दिवस?" हामुन्येलानं विचारलं.

"मला काय विचारतोस? झाडाला विचार."

गावातली सगळी झाडं माझ्याआधी रिकामी होतात. सगळ्यात शेवटी गळणारी मीच. त्याच संध्याकाळी सायमानं समुद्राकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ मामासाठी निरोप दिला आणि वाट बघणं सुरू झालं.

तुम्हाला वाटेल, झाडानं फळं जरा धरून ठेवावीत, त्यात काय एवढं? अहो, ते माझ्या हातात असतं तर! देठ सुटला की सुटला. रोज दुपारी वारा उठायचा आणि टप्पकन फळ पडायचं. मळणीच्या खळ्यावर बसलेली सायमा दचकायची. पलीकडे खुर्चीत बसलेला हामुन्येलाही कान टवकारायचा. एकाच आवाजानं एकीचा जीव खाली जायचा आणि दुसऱ्याचा वर यायचा. मी वाऱ्याला किती विनवलं असेल! पण वारा कुणाचं ऐकतो? एकेक करून बाकीची झाडं संपली. त्यात उत्तरेकडून पूर आला. पाणी सखल भागांतून पसरत आलं, पोरं टोपल्यांनी मासे पकडू लागली, आणि बातमी आली की मोठा रस्ता पाण्याखाली गेलाय, बस पलीकडेच अडकून पडल्यात.

"मामा निघालाय का, तेही कळत नाही," सायमा म्हणाली.

"निघाला असेल," आउने म्हणाली.

"कशावरून?"

"नसला निघाला तर तुला आत्ता सांगून काय फायदा? फळं वेच."

मग तो रविवार आला. सगळं गाव चर्चला गेलं होतं. आउनेचे गुडघे धरले होते म्हणून ती तेवढी मागे राहिली होती. हामुन्येला एक लांब बांबू घेऊन माझ्याखाली आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला तडाखा हाणला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी मारलं नव्हतं. मला आधी कळेचना की हे काय चाललंय. पानं, डहाळ्या, हिरवी फळं, सगळं धो धो खाली यायला लागलं. वरची फळं बांबूला लागेनात, तसा तो बूट काढून वर चढला, माझ्या उत्तरेच्या फांदीवर उभा राहिला आणि तिला गदागदा हलवू लागला. आउने खुरडत बाहेर आली.

"अरे मेल्या! ओमाओंगोच्या दिवसांत हत्यार उचलतोस?"

"हा बांबू आहे कुकू, हत्यार नाही."

"मग तिला काय कुरवाळतोयस?"

"झाड रिकामं झालं की दिवस संपले. तुमचाच नियम आहे."

तेवढ्यात फांदी मोडली. तो आवाज मी अजून विसरले नाही. हामुन्येला तिच्यासकट खाली आला, लंगडत उठला, कपडे झटकले आणि वर पाहिलं. माझ्या अंगावर एकही फळ उरलं नव्हतं. तो हसला. मला तेव्हा इतकी लाज वाटली, की जणू मीच सायमाला घराबाहेर काढलं होतं.

बायका चर्चमधून परतल्या. जमिनीवर हिरवा सडा पडलेला. सायमानं एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि डोक्याला हात लावून मटकन बसली. "संपलं," एवढंच म्हणाली.

आणि आउने हसायला लागली. अशी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, काय संपलं? रडतेस काय वेड्यासारखी? यानं जन्मभर पेला धरलाय. फळ कधी हातात धरलंय? एवढी हिरवी फळं पिकायला किती दिवस लागतात, ते त्याला काय ठाऊक! आपली आपण गळली असती, तर उन्हात तीन दिवसांत पिवळी झाली असती. आता ही थंड वाळूत पुरा. थोडी थोडी काढू. घाई कुणाला आहे?"

सायमाच्या लक्षात आलं तशी ती उठली. सगळ्या बायका कामाला लागल्या. माझ्या सावलीत खड्डे झाले, ओल्या वाळूत हिरवी फळं निजवली. आणि मी पाहिलं, हामुन्येलाची बायको हेल्वी, जी इतके दिवस कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, तिनंही एक मोठी टोपली भरली आणि मान खाली घालून आपल्या झोपडीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हामुन्येला ताते इयाम्बोला घेऊनच आला. "बघा ताते. एक फळ दिसतंय का वर?"

इयाम्बोनं मोडक्या फांदीकडे बराच वेळ पाहिलं. "हे कुणी केलं?"

"वारा असेल."

"असेल. रविवारी चर्चमध्ये मला काही जाणवला नाही." मग तो आउनेकडे वळला. इथे बायकांना मानानं मेमे म्हणतात, म्हणजे आई. "मेमे, मडक्यात काय आहे?"

"मडक्यात आहे आणि वाळूतही आहे. तुम्ही पीत राहा, आम्ही पिळत राहू."

इयाम्बो खाली बसला आणि पेला पुढे केला. "मग माझे हात बांधलेले आहेत, बाबा. झाड रिकामं झालंय, मडकं नाही."

पण वाळूतली फळंही किती दिवस पुरणार? दर चार दिवसांनी एक मडकं. पहिलं झालं, दुसरं झालं. पूर ओसरला नव्हता. आउने पेले अर्धेच भरायची आणि गप्पा मात्र भरभरून मारायची. हामुन्येला चिडचिड करायचा. त्याच्या झोपडीत गोडसर, तीव्र वास भरून राहिला होता. "हा कसला वास येतोय?" असं तो रोज विचारायचा आणि हेल्वी म्हणायची, "सगळ्या गावालाच येतोय."

तेरा दिवसांनी खड्डे रिकामे झाले. शेवटचं मडकं बाहेर आलं. हामुन्येलानं सकाळीच माझ्याखाली खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. इयाम्बोनं पेला तोंडाला लावला. सायमा दोन पोरींना जवळ घेऊन बसली होती. तिचं बोचकं बांधून तयार होतं, ते मला दिसत होतं. इयाम्बोनं पेला पालथा केला. एक थेंब वाळूत पडला.

"उद्या सकाळी खटला," तो म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं.

"ताते, थांबा. अजून एक टोपली राहिलीय."

हेल्वी होती. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत पिवळीधमक फळं.

"ही कुठून आली?" हामुन्येला ओरडला.

"तुमच्या पलंगाखालून."

सगळं गाव खो खो हसलं. हामुन्येलाचा हात वर गेला. इयाम्बोनं फक्त नजर उचलली आणि तो हात तिथेच थांबला. ओमाओंगोचे दिवस अजून संपले नव्हते ना!

रस पिळताना सायमानं हळूच विचारलं, "हेल्वी, हे का केलंस गं? तुला घर मिळणार होतं."

हेल्वीनं शिंग फळात खुपसलं. "मेमे, त्यांनाही एक भाचा आहे."

तो रस आंबायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी, पेले भरायला सुरुवात झाली तेव्हा पाण्याच्या बाजूनं एक माणूस येताना दिसला. विजार गुडघ्यावर दुमडलेली, बूट नाडीनं बांधून गळ्यात अडकवलेले, चालताना झोकांड्या जात होत्या. सायमा उभी राहिली. नेकोंगो मामा दोन दिवस पाण्यातून चालत आला होता.

दुसऱ्या दिवशी खटला बसला. मामा उभा राहिला आणि त्यानं गाईची गोष्ट सांगितली. हामुन्येला फणकारला, "गाय काय, कुणीही कुणाचीही सांगेल. कुठे आहे ती गाय?"

"गाय म्हातारी होऊन मेली. तिचं शिंग हे बघा." मामानं सायमाच्या हातातलं शिंग वर धरलं. इतकी वर्षं ती त्यानंच माझी फळं फोडत होती. वाकडं, आत वळलेलं, टोकाशी पांढरं. "गाय मेली तेव्हा जुन्या प्रमुखांनी एक शिंग परत पाठवलं, जिच्या घरची गाय तिला. दुसरं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मी तेव्हा इथेच होतो."

इयाम्बोचा हात कमरेकडे गेला. जुना प्रमुख त्याचा मामा होता. त्याच्याकडून जे काही आलं, त्यातल्या एका वस्तूत तो रोज तंबाखू ठेवायचा. त्यानं कमरेचं शिंग सोडलं, तंबाखू माझ्या मुळाशी झटकली आणि ते सायमाच्या शिंगाशेजारी धरलं. दोन्ही सारखी वाकडी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्हींची टोकं पांढरी.

"शेत या बाईच्या घरचं आहे," इयाम्बो म्हणाला. "एलिफास इथे तिच्या गाईवर राहिला. आणि इथून पुढे या गावात विधवेचं बोचकं कुणी बांधायचं नाही. मी हे या झाडाखाली बोलतोय, सगळ्यांनी ऐकलं." मग हामुन्येलाकडे वळून म्हणाला, "मोडलेल्या फांदीबद्दल दोन शेळ्या. वाऱ्याला सांग आणून द्यायला."

गुरं मात्र गेली ती गेलीच. एलिफासही परत आला नाही. सगळं भरून येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण माझी फांदी सायमानं जाळली नाही. तिनं ती ओढत शेताच्या बांधावर नेली आणि खोल खड्डा करून उभी पुरली. पहिल्या वर्षी ती नुसती खांबासारखी दिसायची. दुसऱ्या वर्षी तिला पालवी फुटली. आणि इयाम्बोनं आपलं तंबाखूचं शिंग परत नेलं नाही. ते सायमानं हेल्वीला दिलं. ती दरवर्षी फळांच्या दिवसांत ते घेऊन शहरातून यायची आणि आमच्या गोलात बसायची. पुढे हामुन्येलानंही दुकान विकलं आणि गावातच घर बांधलं.

मित्रांनो, परवाच्या कोरड्या महिन्यात हामुन्येला वारला. चौथ्या दिवशी त्याचा भाचा रिकामा ट्रक घेऊन आला. ओमाओंगोचे दिवस नव्हते. सुरे उघडे होते आणि खटले चालू होते. माझ्या अंगावर पानसुद्धा नव्हतं. मी भीतीनं गारठले. मी काहीच करू शकत नव्हते.

सायमा आता म्हातारी झालीय. ती कोयींची टोपली घेऊन हेल्वीच्या दारात जाऊन बसली. तिच्यामागून दुसरी बाई आली, मग तिसरी, मग सगळं गाव. सगळ्या जणी दगडावर कोयी फोडू लागल्या. दारातून आत जायला वाटच उरली नाही. तो भाचा गावप्रमुखाकडे गेला. इयाम्बो नव्वदीचा आहे, त्याला आता ऐकू कमी येतं. त्यानं एवढंच विचारलं, "विधवेच्या घराचं काय म्हणालास? त्याचा निकाल कधीच लागलाय, पोरा. जा, त्या झाडाला विचार."

तो खरंच आला. माझ्या व्रणाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग ट्रक रिकामाच घेऊन निघून गेला.

बांधावरच्या माझ्या त्या फांदीला यंदा पहिल्यांदा फळं धरलीत. मोजून अकरा. सायमा आणि हेल्वी रोज तिच्याखाली जाऊन बसतात. दोघींच्या मांडीवर एकेक वाकडं शिंग असतं. वर हात कुणी करत नाही. फळ आपणहून पडेल, मग उचलू, असं म्हणत त्या बसून राहतात. तुम्हीही तुमच्या झाडाखाली असंच बसा, मित्रांनो. काठी घरी ठेवून या.